आईच्या आठवड्याची नोंद

आमच्या हॅमिल्टनच्या घरात कुकरची शिटी होत नसे. बाबा शहराच्या 'ते रापा' नावाच्या भागाकडे दूध-भुकटीच्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. त्यांच्या बारा तासांच्या पाळ्या चार दिवस चालत आणि मग चार दिवस सुट्टी असे. रात्रपाळी असली की ते सकाळी सातला घरी येत, आंघोळ करून उपमा खात आणि झोपत, ते थेट दुपारी तीनला उठत. भाड्याच्या त्या लाकडी घराच्या भिंती इतक्या पातळ होत्या की त्या वेळात होणारा प्रत्येक आवाज आईच्या परवानगीने होई. मिक्सर नाही, व्हॅक्यूम नाही, दार ओढून घ्यायचे नाही. फोडणीच्या धुराने स्मोक अलार्म वाजू नये म्हणून तिने त्याच्यावर आंघोळीच्या वेळी केसांवर घालायची प्लास्टिकची टोपी चढवली होती. घरमालकाचा माणूस तपासणीला येणार असला की ती टोपी काढण्याचे काम माझ्याकडे असे. कुकरचे तंत्र याहून अवघड होते. गॅस असता तर बटण फिरवून भागले असते. आमची शेगडी विजेची होती आणि ती बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राही. त्यामुळे शिटी व्हायच्या बेतात आली की आई कुकर उचलून शेजारच्या थंड शेगडीवर ठेवी, वाफ जरा निवाली की पुन्हा पहिल्या जागी आणी. असे चार-पाच वेळा. वरण मऊसूत शिजे आणि आवाज एकही होत नसे. मी नऊ वर्षांची असताना आम्ही पुण्याहून इथे आलो तेव्हापासून मी हे पाहत होते, आणि पाहत होते म्हणूनच बहुधा ते मला कधी दिसले नव्हते.

या घरात मी एकोणिसाव्या वर्षी परत आले ती नापास होऊन. इथल्या मराठी घरांत हुशार मुलीची वाट ठरलेली असते: शाळेत सगळी शास्त्रे घ्यायची, मग ऑकलंडला जाऊन हेल्थ सायन्सचे पहिले वर्ष करायचे आणि त्या वर्षाच्या चाळणीतून मेडिकलला जायचे. मी चाळणीतून खाली पडले, आणि नुसती पडले नाही तर दोन विषयांत नापास झाले. मेडिकल हुकणे सन्मान्य असते, त्यात पाव-अर्ध्या गुणाची हळहळ करता येते. नापास होण्याला तसे काही नाव नसते. त्या वर्षात मी मनापासून वाचले ते एकाच पेपरासाठी. रुग्णालयात खाटा कमी आणि रोगी जास्त असले तर आधी कोण, हे कसे ठरवायचे, असा त्याचा विषय होता. तो प्रश्न वैद्यकाचा नसून अर्थशास्त्राचा आहे हे कळायला मला वर्ष लागले. विद्यापीठाने सांगितले की पॉलिटेक्निकमध्ये एक वर्ष डिप्लोमा करून बी प्लसची सरासरी आणलीत तर अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात घेऊ. सोबत, पहिला प्रयत्न का फसला याचे एका पानाचे निवेदन द्यावे लागेल. सरासरी आली नाही तर दोन नापास विषयांच्या आधारावर पुन्हा दार उघडण्याची खात्री नव्हती. बाबा म्हणाले, "एक वर्ष. मग बघू." आई काही म्हणाली नाही. पण पुढच्याच रविवारी मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात कोणीतरी विचारले तेव्हा माझ्यादेखत ती म्हणाली, "मानसी ना, युनिव्हर्सिटीत इकॉनॉमिक्स करतेय." मी तिच्याकडे पाहिले. ती तिळाची वडी वाटत पुढे गेली.

पॉलिटेक्निकमधले आम्ही अठरा जण वेगवेगळ्या वयाचे होतो. माझ्या शेजारी सिओने बसे. चाळिशीचा, टोंगाहून आलेला, चार मुलांचा बाप. पहाटेपासून गोदामात फोर्कलिफ्ट चालवून वर्गात येई आणि भल्यामोठ्या डब्यातून नारळाच्या दुधात शिजवलेले काहीतरी सगळ्यांना वाटे. मी पहिल्या आठवड्यात मागणीचा वक्र फळ्यावर काढून दाखवला तेव्हा तो म्हणाला, "डॉक्टर, मुलं पाच डॉलरचा चिप्सचा पुडा मागतात आणि मी नाही म्हणतो, तो या रेषेवर कुठे आहे?" तेव्हापासून माझे नाव डॉक्टर पडले. त्याला माझी हकिकत ठाऊक नव्हती. ठाऊक झाल्यावर त्याने नाव बदलायची तयारी दाखवली, मीच नको म्हटले. आमची शिक्षिका नायरी साठीची होती. ती गाईंच्या फार्मवर वाढली, तिशीपर्यंत तिने वासरे सांभाळली आणि मग टपालाने अभ्यास करून अर्थशास्त्राची पदवी घेतली. तिच्या गाडीत कायम गमबूट असत. इथल्या रीतीप्रमाणे आम्ही तिला नुसते नायरी म्हणत असू. आईला ते सहन होत नसे. घरात ती "नायरी मॅडम"च होती.

दुसऱ्या सत्रात नायरीने जे काम दिले त्यावर विषयाचे चाळीस टक्के गुण होते. देशाच्या उत्पन्नात घरातल्या कामाची गणती होत नाही, ती केली तर काय दिसेल? प्रत्येकाने एक घर निवडायचे, घरातल्या मोठ्या माणसांना पाव-पाव तासाचे रकाने असलेला तक्ता द्यायचा, सात दिवस तो त्यांनी भरायचा आणि आपण विश्लेषण करायचे. मी अर्थातच माझे घर निवडले. प्रयोगशाळेच्या शिस्तीत वाढलेल्या मुलीला हे काम अगदी सोपे वाटले. बाबांनी आपला तक्ता कारखान्याच्या पाळीपुस्तकासारखा भरला. एके ठिकाणी "१५:१५ – चहा, अतिगरम, विलंब" अशी नोंदही होती. आईने मोत्यासारख्या अक्षरात भरला. मी सरासऱ्या काढल्या, आलेख केले आणि निष्कर्ष लिहिला: उपकरणांमुळे आणि नियोजनामुळे या घरातले घरकाम दिवसाला दीड तासावर आले असून गृहिणीला वाचन, योगासने आणि विश्रांती यांसाठी पुरेसा वेळ उरतो. आकडे गृहीतकाशी जुळले की मला फार आनंद होत असे. आज माझे काम इतरांनी भरलेले तक्ते वाचण्याचे आहे, आणि जुळणाऱ्या आकड्यांचीच मला धास्ती वाटते. ती सवय त्या आठवड्याने लावली.

नायरीने कच्चा मसुदा परत केला. त्यावर पेन्सिलीने एकच प्रश्न होता: या घरात स्वयंपाक कोण करतं?

"आई," मी म्हणाले.

"तू रोज डब्यात ताज्या पोळ्या आणतेस. सिओनेने तुझ्याकडून किती खाल्ल्या असतील देव जाणे."

"हीप्स," म्हणजे ढीगभर, सिओने मागून म्हणाला.

"आणि तुझ्या आईचा स्वयंपाक रोज अर्ध्या तासात होतो. मला ही कृती हवी आहे, मानसी. मी चाळीस वर्षं शोधतेय." मग तिने चष्मा काढला. "सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी अंतिम प्रत घेईन. हीच दिलीस तर हिलाच गुण देईन. ते किती असतील याचा अंदाज तू करू शकतेस."

अंदाज मी बसमध्येच केला. सरासरी बी प्लसच्या खाली जात होती.

घरी पोचले तेव्हा चार वाजले होते. आई पोळ्या लाटत होती, बाबा जेवणाच्या टेबलाशी बसून मटार सोलत होते. मी तक्ता आईसमोर धरला. "योगासनं, पाऊण तास. आई, आपल्या घरात योगा मॅट तरी आहे का?"

"सतरंजी आहे," आई म्हणाली.

"माझा तक्ता बरोबर आहे ना?" बाबांनी विचारले.

"तुमचा अति बरोबर आहे. हिचा खोटा आहे."

"खोटा कशाला म्हणतेस?" आईने पिठाचे हात झटकले. "पाहुणे यायच्या आधी आपण पलंगावरची चादर बदलतो. ती काय खोटी चादर असते?"

"पाहुणे नाहीत ते. डेटा आहे."

"तुझ्यासाठी डेटा. माझं घर आहे ते. नायरी मॅडम वाचणार, त्यांच्या मनात येणार, बघा ही इंडियन बाई, नवरा घोरतोय आणि ही राबतेय."

"मी रात्रभर जागतो, त्याचं काय?" बाबा म्हणाले.

"तेच तर म्हणतेय. ते लिहायला रकाना कुठाय हिच्या कागदात?"

प्रश्न रास्त होता. पण माझे वर्ष हातातून निसटत होते आणि मला रास्त प्रश्न नको होते. मी म्हणाले, "मंडळात माझ्याबद्दलही तू चादर बदलूनच सांगतेस. म्हणजे तक्ता भरायची सवय जुनीच आहे."

बाबांचा हात मटारावर थांबला. आईने पोळी तव्यावर टाकली आणि उलटायची विसरली. करपल्याचा वास आल्यावर तिने ती चिमट्याने उचलून सिंकमध्ये ठेवली आणि पुढचा गोळा लाटायला घेतला. मी आईला आयुष्यात बोललेल्या वाक्यांपैकी हे सर्वांत अचूक आणि सर्वांत वाईट होते. त्या वयात मला हे दोन गुण एकत्र राहू शकतात असे वाटत नसे.

दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे चहा ठेवत ती म्हणाली, "सुट्टी लागली ना तुला? बस मग वही घेऊन. तू बघ, तूच लिही. मध्ये बोलायचं नाही."

अशा रीतीने मी जुलैच्या, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्याच्या, त्या धुक्यात सात दिवस स्वयंपाकघरातल्या उंच स्टुलावर घड्याळ आणि वही घेऊन बसले. पहिल्या दिवशी सव्वापाचला आई स्वयंपाकघरात आली ती इस्त्रीचा कुडता आणि कानात मोत्याच्या कुड्या घालून. मी न बोलता नोंद केली. तिसऱ्या दिवशी जुना गाऊन आणि त्यावर बाबांचा स्वेटर परत आला, आणि तेव्हापासून नोंदी खऱ्या झाल्या. भाजी निवडताना ती कणीक भिजवी. कणीक मुरेपर्यंत खिडक्यांच्या काचांवर आतून साचलेले पाणी फडक्याने पुसे, कारण न पुसल्यास चौकटींना बुरशी धरते. ओले फडके खोली गरम करणाऱ्या हीटपंपासमोर वाळत घालताना बाबांच्या गाडीचा आवाज कानांनी शोधत राही. मग नऊ ते एक फार्मसीत काउंटरवर. पुण्यात ती स्वतः फार्मसिस्ट होती. इथल्या नोंदणीच्या परीक्षा माझ्या शाळेसाठी एकदा पुढे ढकलल्या त्या ढकलल्याच. एका पाव तासात ती तीन-तीन कामे करी आणि माझ्या रकान्यात एकच मावत असे. दुसऱ्या रात्रीच मी रकाने बदलले. चौथ्या दिवशी, एक ओळ लिहून झाल्यावर, तिने वही माझ्या हातातून घेतली.

"इथे तू 'शेगडीजवळ उभी, वीस मिनिटं' लिहिलंयस. उभी नव्हते मी."

"मग?"

"कुकर ऐकत होते. शिटीच्या आधी त्याचा आवाज जाड होतो. ते ऐकू आलं नाही तर गेलं सगळं." तिने माझी पेन्सिल घेऊन 'उभी' खोडले आणि वर 'ऐकत' लिहिले. मोत्यासारख्याच अक्षरात.

एकच तास मला मिळत नव्हता. दुपारी दोनला ती हात पुसून गॅरेजमध्ये जाई आणि तीनला परत येई. "तो वेळ सोड," असे पहिल्या दिवशीच तिने सांगितले होते. पाचव्या दिवशी मी मागोमाग गेले. गॅरेजमध्ये ती आमच्या जुन्या जपानी गाडीत, ड्रायव्हरच्या सीटवर, शाल गुंडाळून बसली होती. मला पाहून तिने कपाळाला आठ्या घातल्या. मग हात लांब करून शेजारचे दार उघडले. फोन डॅशबोर्डवर टेकवला होता आणि त्यातून पुण्याची सकाळ ऐकू येत होती: भांड्यांचा आवाज, रिक्षा आणि माझी सुधामावशी, आईची धाकटी बहीण, ऑफिसचा डबा भरता भरता बोलत असलेली. या एका तासात आई मोठ्याने बोले. घरात तिचा असा आवाज मी अनेक वर्षांत ऐकला नव्हता. बाबांच्या सुट्टीच्या दिवशीही ती गॅरेजमध्येच का जात असे, हे मला तिथे बसल्यावर कळले.

"सुधा, मानसी बसलीय शेजारी," आई म्हणाली.

पलीकडे क्षणभर नुसती भांडी वाजली. मग मावशी म्हणाली, "बरं झालं. मानसी, ते पोळीचं उदाहरण छान होतं गं. पहिल्या पोळीला जी मजा, ती पाचव्या पोळीला नाही. मी आमच्या साहेबांना ऐकवलं. पॉलिटेक्निकमध्ये असं शिकवतात म्हणे."

मी आईकडे पाहिले. ते उदाहरण मी कधीतरी जेवताना बाबांना सांगितले होते. आई तेव्हा वाढत होती.

"रोज शिकवते ही मला," मावशी म्हणाली. "तू ऑकलंडहून परत आलीस ना, तेव्हा चार दिवस नुसती रडत होती तिथे गाडीत बसून. मी म्हटलं, अगं, मुलगी घरी आली तर..."

"सुधा, डबा भर," आई म्हणाली.

सातव्या दिवशी मी सगळे आकडे मांडले. आईचा कामाचा दिवस, फार्मसी धरून, साडेचौदा तासांचा निघाला. बाबांनी तो आकडा दोनदा तपासला, तिसऱ्यांदा बेरीज केली आणि उठून भांडी घासायला लागले. त्यांनी ती फार वाजवली, पण आई काही म्हणाली नाही. अहवाल देण्याआधी घरातल्या व्यक्तीची संमती लागत असे. आईने अकराच्या अकरा पाने प्रिस्क्रिप्शन तपासावे तशी बोट ठेवून वाचली. मग दोन ते तीनच्या ओळीवर थांबली. "हे द्यायचं नाही."

"आई, बाकी सगळं दिलंस. हे तर काम पण नाही."

"म्हणूनच."

मी तिला समजावू शकले असते. तिथे 'विश्रांती' लिहिले असते तर कोणाच्या लक्षातही आले नसते. ती ओळ मी सातही दिवस कोरी ठेवली आणि खाली टीप दिली: माहिती उपलब्ध आहे, देण्यास नकार. आईने सही केली.

सोमवारी वर्गात मी मांडणी केली. नायरीने शेवटी त्या कोऱ्या पट्ट्यावर बोट ठेवले. "रोज दोन ते तीन. इथे काय होतं?"

"मला माहीत आहे. पण सांगायचा अधिकार तिचा आहे, आणि तिने नाही म्हटलं."

"आकडा अपुरा राहतो मग."

"हो. तो किती अपुरा आहे ते तिसऱ्या पानावर दिलंय."

"शाबास," सिओने म्हणाला. हे मला उद्देशून नव्हते. नंतर त्याने विचारल्यावर कळले की तो माझ्या आईला शाबास म्हणत होता. नायरी बराच वेळ काही लिहीत राहिली. ए मायनस मिळाला. सरासरी बी प्लसच्या वर, अगदी केसाएवढी, पण वर गेली.

उरले ते निवेदन. त्याचा मसुदा माझ्याकडे महिन्याभरापासून तयार होता आणि तो सुबक होता: प्रकृती, शहर बदलण्याचा ताण, योग्य मार्गदर्शनाचा अभाव. एकही वाक्य धडधडीत खोटे नव्हते. त्या आठवड्यानंतर मला तो वाचवेना. मी नवे लिहिले: मला डॉक्टर व्हायचे नव्हते. ते मी कबूल केले नाही. अभ्यास करणे थांबवले आणि निकालाला माझ्या वतीने बोलू दिले. हे कोणालाही माहीत नव्हते. शनिवारी सकाळी आई काचा पुसत असताना मी ते तिच्यापुढे धरले. तिने फडके खांद्यावर टाकले आणि बोट ठेवून वाचले.

"'कोणालाही माहीत नव्हतं', हे चूक आहे," ती म्हणाली. "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"तू गेलीस त्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून. ते फिजिओलॉजीचं जाडं पुस्तक तू नेलंच नव्हतंस. कपाटात होतं, वरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतंस."

"मग बोलली का नाहीस? वर्षभर रोज फोन करायचीस."

"रोज करत होते, तू सांगशील म्हणून." तिने कागद परत दिला. "तू 'भाजी काय केलीस' एवढं विचारायचीस आणि फोन ठेवून द्यायचीस."

ती खिडकीकडे वळली. मी टेबलाशी बसून ते वाक्य खोडले. निवेदन सोमवारी गेले आणि प्रवेश महिन्याभराने मिळाला. प्रवेश समितीतल्या कोणी ती दुरुस्ती वाचली की नाही, मला माहीत नाही. खोडलेल्या वाक्याच्या जागी मी लिहिले होते: माझ्या आईला माहीत होते. ती रोज विचारत होती. मी उत्तर दिले नाही.